एप्रिलमध्ये आपला संघ रिकामा होतो तेव्हा: कॉलेज बास्केटबॉलच्या ट्रान्स्फर मोसमात नवख्या चाहत्याने काय करावे

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाला कॉलेज बास्केटबॉलचे वेड लागते ते साधारण एकाच मार्गाने. पहिल्या हिवाळ्यात कोणीतरी रूममेट ओढून सामन्याला नेतो. दुसऱ्या हिवाळ्यात आपण स्वतः विद्यापीठाच्या रंगाचा टी-शर्ट घालून रांगेत उभे असतो आणि तिसऱ्या वर्षी भारतातल्या आईवडिलांना फोनवर ‘बबल’ (राष्ट्रीय स्पर्धेत निवड होण्या-न होण्याच्या काठावरचे संघ) म्हणजे काय ते समजावून सांगत असतो. इथवर सगळे सोपे असते. खरा गोंधळ मार्चची राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा संपल्यावर सुरू होतो, कारण ज्यांची नावे आणि सवयी आपण नुकत्याच पाठ केलेल्या असतात त्यांतले चार-पाच खेळाडू पंधरा दिवसांत दुसऱ्या विद्यापीठात निघून जातात, त्यांच्या जागी कधीही न ऐकलेली नावे येतात आणि आपल्याभोवतीचा प्रत्येक माणूस ‘आपल्याकडे आता कोणी यायलाच तयार नाही’ किंवा ‘आपल्यासारखा प्रोग्राम (म्हणजे विद्यापीठाचा संघ आणि त्यामागची सारी व्यवस्था) देशात नाही’ यांपैकी एका टोकाला जाऊन भांडू लागतो.

मी इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठात शिकलो आणि त्यानंतरही याच राज्यात राहिलो. म्हणजे हा वाद मी पर्ड्यूच्या बाजूने आणि साठ-सत्तर मैलांवरच्या इंडियानापोलिसमध्ये इंडियाना विद्यापीठाच्या चाहत्यांच्या तोंडूनही ऐकला आहे. मला जे समजायला तीन मोसम लागले, ते तुम्हाला एका बैठकीत समजावे म्हणून हा लेख लिहीत आहे. उदाहरणे मुख्यतः पुरुषांच्या बास्केटबॉलची आहेत. महिलांच्या खेळातही यंत्रणा तीच आहे.

सुरुवातीलाच हाताशी घ्यायच्या गोष्टी

- तुमच्या संघाचा चालू रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी. त्यात प्रत्येक खेळाडूचे वर्ष, उंची, खेळण्याची जागा आणि सरासरी मिनिटे हवीत.
- या वर्षीच्या ट्रान्स्फर खिडकीच्या (विद्यापीठ बदलण्यासाठी नाव नोंदवण्याच्या मुदतीच्या) तारखा, थेट एनसीएए या कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या.
- आकडेवारीसाठी बार्ट टोर्विक यांचे संकेतस्थळ, जे फुकट आहे. केन पोमरॉय यांचे ‘केनपॉम’ अधिक प्रसिद्ध आहे, पण त्यासाठी वर्गणी भरावी लागते आणि पहिल्या वर्षी तिची गरज पडत नाही.
- तुमच्या संघाचे नियमित वार्तांकन करणाऱ्या तीन-चार पत्रकारांची यादी.
- एक साधी स्प्रेडशीट. वहीनेही काम भागते.

1. नियम कसे बदलले ते आधी समजून घ्या

जुने चाहते आणि नवे चाहते एकमेकांशी भांडतात, कारण त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या काळातले नियम असतात. पूर्वी बास्केटबॉल खेळाडूने विद्यापीठ बदलले की त्याला सहसा एक पूर्ण मोसम बाकावर बसावे लागे. एवढी किंमत मोजून जाणारे थोडेच असत. 15 ऑक्टोबर 2018 रोजी ट्रान्स्फर पोर्टल सुरू झाले. ते म्हणजे विद्यापीठे सोडू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नावांची एक अंतर्गत यादी आहे. तिच्यात नाव टाकण्यासाठी खेळाडूला जुन्या कोचची परवानगी लागत नाही. त्याने लेखी कळवले की विद्यापीठाच्या कार्यालयाला कामकाजाच्या दोन दिवसांत ते नाव यादीत घालावेच लागते.

एप्रिल 2021 मध्ये एकदा विद्यापीठ बदलणाऱ्याला लगेच खेळण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव, छबी आणि ओळख वापरून पैसे कमावता येऊ लागले. यालाच सगळे ‘एनआयएल’ म्हणतात. डिसेंबर 2023 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील फेडरल न्यायालयाने दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा विद्यापीठ बदलणाऱ्यांनाही अडवू नये असा आदेश दिला आणि एप्रिल 2024 मध्ये एनसीएएने ती मर्यादा नियमातूनच काढून टाकली. अट एकच राहिली, ती अभ्यासाची. पुढे 6 जून 2025 रोजी ‘हाऊस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातील तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मान्यता दिली आणि 1 जुलै 2025 पासून विद्यापीठे आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली.

ही साखळी लक्षात राहिली तर ‘आजकालच्या पोरांत निष्ठाच उरली नाही’ या वाक्याला काय उत्तर द्यायचे ते कळते. पोरे तीच आहेत. पूर्वी त्यांना जाण्याबद्दल वर्षभराची शिक्षा होती, आता नाही.

2. खिडकीच्या तारखा आणि तिचे अपवाद लिहून ठेवा

पोर्टलमध्ये नाव टाकण्याचा ठरावीक काळ असतो आणि तो सतत आखडत गेला आहे. आरंभी तो 60 दिवसांचा होता, मग 45 दिवसांचा झाला आणि 2025 मध्ये पुरुषांसाठी 24 मार्च ते 22 एप्रिल असा 30 दिवसांचा होता. मागच्या वर्षीच्या तारखा यंदाही लागू असतील असे कधीही गृहीत धरू नका.

इथे नवखे चाहते हमखास फसतात, आणि मीही फसलो होतो. ही मुदत नाव टाकण्याची असते, नवे विद्यापीठ निवडण्याची नसते. खिडकी बंद झाल्यावरही यादीतला खेळाडू मे महिन्यात, जूनमध्ये किंवा त्यानंतरही निर्णय घेऊ शकतो. म्हणून शेवटच्या तारखेला ‘आपल्याला सेंटर (बास्केटखाली खेळणारा उंच खेळाडू) मिळालाच नाही’ म्हणून छाती पिटण्याचे कारण नसते. याउलट, त्या तारखेपर्यंत तुमच्या संघातल्या ज्यांनी नाव टाकलेले नाही, ते सहसा राहिले असे समजायला हरकत नाही.

‘सहसा’ म्हणण्याचे कारण म्हणजे कोच. मुख्य कोच गेला की त्याच्या खेळाडूंसाठी वेगळी खिडकी उघडते. मार्च 2025 मध्ये इंडियाना विद्यापीठाने माइक वुडसन यांच्या जागी वेस्ट व्हर्जिनियाचे डॅरियन डीव्रीज यांना आणले, तेव्हा जुना संघ जवळजवळ पूर्ण पांगला. मलिक रेनो मायामीला गेला, मॅकेन्झी म्बाको टेक्सास ए अँड एमला, माइल्स राइस मेरीलँडला. नव्या कोचबरोबर त्यांचा मुलगा टकर आला, ज्याचे हे ड्रेक आणि वेस्ट व्हर्जिनियानंतरचे तिसरे विद्यापीठ होते. आमच्या ऑफिसातल्या इंडियानाच्या एका कट्टर चाहत्याने त्या उन्हाळ्यात नव्या संघाचे फोटो छापून टेबलावर लावले होते, नावे पाठ व्हावीत म्हणून.

आणखी एक बारकावा. पोर्टलमध्ये नाव टाकणारा खेळाडू मागे फिरू शकतो, पण त्याची शिष्यवृत्ती राखून ठेवण्याचे बंधन जुन्या विद्यापीठावर राहत नाही. तेव्हा ‘नुसती किंमत वाढवून घेण्यासाठी नाव टाकले असेल’ हे जितक्या सहज म्हटले जाते तितके ते सहज नसते. त्यात जोखीम आहे.

3. दोनशे मिनिटांचा हिशेब मांडा

हा लेख अर्धवट सोडायचा असेल तर निदान एवढी पायरी वाचून सोडा.

कॉलेजचा सामना 40 मिनिटांचा असतो आणि मैदानावर एका वेळी पाच जण असतात. म्हणजे कोचकडे वाटायला एकूण 200 मिनिटे असतात, त्याहून एकही जास्त नाही. स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात परत येणाऱ्या खेळाडूंची नावे लिहा आणि पुढच्या रकान्यात त्यांना पुढच्या मोसमात किती मिनिटे मिळतील याचा तुमचा अंदाज. चांगला खेळाडू 30 ते 35 मिनिटे खेळतो, बाकावरून येणारा भरवशाचा गडी 15 ते 20. बेरीज 200 मधून वजा करा. उरलेली मिनिटे कोणत्या जागेची आहेत ते पाहा. तुमच्या संघाकडे पोर्टलमध्ये विकायला जे आहे ते एवढेच.

समजा, दोन अनुभवी गार्ड (चेंडू हाताळणारे, बाहेरून खेळणारे खेळाडू) परत येत आहेत आणि दोघे मिळून 66 मिनिटे खेळणार आहेत. मग देशातला सगळ्यात गाजलेला पॉइंट गार्ड (चाली रचणारा गार्ड) पोर्टलमध्ये आला म्हणून तुमचे मित्र कितीही उड्या मारोत, तो तुमच्याकडे येण्याची शक्यता कमी आहे, आणि त्याचे कारण तुमच्या विद्यापीठाची पत घसरली हे नाही. त्याने फोनवर विचारलेला पहिला प्रश्न ‘माझी मिनिटे किती’ हा असणार आणि तुमच्या कोचकडे त्याचे प्रामाणिक उत्तर नाही.

हाच हिशेब उलट बाजूने लावला की जाणाऱ्यांचा रागही कमी होतो. 2025 मध्ये पर्ड्यूमधून कॅम हायडी टेक्सासला आणि माइल्स कोल्विन वेक फॉरेस्टला गेला. आमच्या गटात दोन दिवस सुतक होते. मी तक्ता उघडून पाहिला. ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हे तिघेही परत येत होते आणि त्यांची मिनिटे कोणी कमी करणार नव्हते. बाकीच्यांनी काय करायचे होते? त्याच उन्हाळ्यात साउथ डकोटा स्टेटमधून ऑस्कर क्लफ हा सेंटर आला, कारण रिकामी मिनिटे बास्केटखाली होती.

तक्त्यात जागांचीही मर्यादा घाला. पूर्वी 13 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. हाऊस तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना आता 15 खेळाडूंच्या रोस्टरची मर्यादा आहे. हायस्कूलमधून येणारे नवे विद्यार्थी याच पंधरांत धरायचे असतात, हे लोक विसरतात.

4. बातमी गाळून घ्या

पोर्टल तुम्हाला किंवा मला उघडून पाहता येत नाही. ते विद्यापीठांच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. आपल्यापर्यंत येते ती पत्रकारांनी मिळवलेली माहिती किंवा खेळाडूने स्वतः टाकलेली पोस्ट. मधल्या फटीत अफवांचा बाजार भरतो.

एप्रिल 2023 मध्ये, सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने अव्वल मानांकित पर्ड्यूला 63-58 असे हरवल्याची जखम ताजी असताना, एक नामांकित गार्ड आमच्याकडे येत असल्याची पोस्ट मला दिसली. मी ती चार व्हॉट्सॲप गटांत टाकली, एका मित्राने त्या आनंदात सगळ्यांना पिझ्झा मागवला. पिझ्झा येईपर्यंत कळले की ते खाते एका पत्रकाराच्या नावाची नक्कल होती आणि खऱ्या नावापेक्षा त्यात फक्त एक अधोरेषा जास्त होती. पिझ्झ्याचे पैसे अर्थातच मी दिले. तेव्हापासून मी खात्याचे नाव अक्षर न अक्षर वाचतो, खाते कधी उघडले ते बघतो आणि दुसऱ्या ठिकाणी तीच बातमी दिसेपर्यंत पुढे पाठवत नाही.

शब्दांचेही वजन ओळखायला शिका. ‘या खेळाडूशी 20 विद्यापीठांनी संपर्क साधला’ या बातमीत तुमच्या विद्यापीठाचे नाव असले तर त्याचा अर्थ एवढाच की एखाद्या असिस्टंट कोचने निरोप पाठवला. अशी यादी बहुधा खेळाडूच्या बाजूनेच दिली जाते आणि तिच्यात मोठी नावे असावीत यात त्याचे हित असते. त्यापुढची पायरी म्हणजे झूम कॉल, आणि त्यापुढची म्हणजे कॅम्पसची अधिकृत भेट. भेट ठरली तर गंभीरपणे घ्या. ‘कमिट’ म्हणजे तोंडी होकार आणि तो बंधनकारक नसतो. कागदावर सही झाली की मगच तक्त्यात नाव पक्क्या शाईने लिहा. पूर्वी यासाठी ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाचा वेगळा करार असे, तो 2024 मध्ये बंद झाला आणि आता आर्थिक साहाय्याच्या करारावरची सही महत्त्वाची ठरते. जुने चाहते अजूनही ‘लेटर’ म्हणतात, त्यांना तसे म्हणू द्यावे.

5. येणाऱ्या खेळाडूचे आकडे कसे वाचावेत

सरासरी गुण सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात आणि सगळ्यात जास्त फसवतात. छोट्या कॉन्फरन्समध्ये (आपसांत नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) सामन्याला 19 गुण काढणारा खेळाडू त्या संघाचा एकटा आधार असेल, तर तो भरपूर नेम मारून ते गुण काढत असतो. टोर्विकच्या पानावर ‘यूसेज’ नावाचा रकाना असतो. संघाच्या किती टक्के चाली त्या खेळाडूच्या हातून संपतात हे तो सांगतो. पाच जणांत समान वाटणी झाली तर प्रत्येकी 20 टक्के येतात. 30 टक्क्यांच्या वरच्या माणसाला तुमच्या संघात तेवढा चेंडू मिळणार नाही. तेव्हा चेंडू कमी मिळाल्यावर तो काय करील, हा प्रश्न गुणांपेक्षा मोठा आहे.

लांबून नेम मारणारा हवा असेल तर तीन गुणांच्या टक्केवारीबरोबर त्याने एकूण किती प्रयत्न केले ते पाहा. 40 प्रयत्नांतले 45 टक्के हे नशीबही असू शकते, 200 प्रयत्नांतले 38 टक्के हे कसब असते. त्याला जोड म्हणून फ्री थ्रोची टक्केवारी बघा, कारण तिथे समोर कोणी आडवा येत नाही आणि हाताची खरी सफाई दिसते. मग त्याच पानावर मोठ्या संघांविरुद्धचे सामने वेगळे काढा. छोट्या विद्यापीठांचे संघ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोठ्यांकडे खेळायला जातात आणि त्या तीन-चार सामन्यांत खेळाडू कसा दिसला हे मी बाकी साऱ्या मोसमापेक्षा अधिक बारकाईने पाहतो.

नावाजलेल्या पोर्टल भरतीला क्रमवारीत वरचे स्थान मिळाले म्हणजे काम झाले, असे मानू नका. 2024 मध्ये इंडियानाने ॲरिझोनाचा उमर बालो, वॉशिंग्टन स्टेटचा माइल्स राइस, इलिनॉयचा लूक गूड असे नामवंत आणले. तो संघ 2025 च्या एनसीएए स्पर्धेला पात्रही ठरला नाही.

6. ‘आपल्या प्रोग्रामचे आकर्षण’ हा वाद नीट घाला

आता मूळ भांडणाकडे येऊ. चाहत्याला स्वतःला जे आवडते तेच खेळाडूलाही आवडत असणार, असे त्याला मनापासून वाटते. छताला टांगलेल्या विजेतेपदांच्या पताका, 14 हजारांवर लोकांनी गच्च भरलेले पर्ड्यूचे मॅकी अरीना, आदल्या रात्रीपासूनचा विद्यार्थ्यांचा ‘पेंट क्रू’, हे सगळे पाहून माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण इंडियाना विद्यापीठाचे पाचवे आणि शेवटचे राष्ट्रीय विजेतेपद 1987 चे आहे. 2025 मध्ये वीस वर्षांचा असलेला मुलगा त्यानंतर अठरा वर्षांनी जन्मला. त्याच्या लेखी ती पताका म्हणजे त्याच्या वडिलांची आठवण आहे, आणि तीही वडील या राज्यातले असतील तर.

खेळाडूच्या बाजूने पाहायची सवय मला एका मित्रामुळे लागली. तो कोल्हापूरचा. तिथे शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ खेळतात आणि मोसमाच्या तोंडावर कोणता खेळाडू पाटाकडील तालमीतून कुठे गेला यावर गल्लीत कडाक्याची भांडणे होतात. तो म्हणाला, पेठेचा अभिमान पेठेत राहणाऱ्याला असतो, बाहेरून येणारा खेळाडू आधी विचारतो की मला खेळवणार का आणि देणार काय. त्याला पोर्टल समजावून सांगायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत.

तेव्हा वाद घालताना पुढचे प्रश्न या क्रमाने विचारा. पहिला, मिनिटे आणि भूमिका, ज्याचा हिशेब आपण वर केला. दुसरा, पैसा, ज्याबद्दल पुढच्या पायरीत बोलू. तिसरा, कोच टिकणार का. ज्याची खुर्ची डळमळीत आहे अशा कोचकडे एक वर्ष हाती असलेला खेळाडू कशाला येईल? मॅट पेंटर 2005 पासून पर्ड्यूचे कोच आहेत आणि स्वतः तिथलेच माजी खेळाडू आहेत. ही स्थिरता आम्हाला फुकट मिळालेली पण मोजायला विसरलेली जमेची बाजू आहे. चौथा, त्याच्या जागेवर याआधी आलेल्यांचे काय झाले. झॅक ईडी पर्ड्यूत आला तेव्हा नामांकित नव्हता आणि 2023 व 2024 अशी लागोपाठ दोन वर्षे तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यामुळे पर्ड्यू का निवडावे हे उंच सेंटरला समजावण्याची गरज पडत नाही. चपळ, एकट्याने बचाव फोडणाऱ्या गार्डला मात्र पडते.

पाचवा प्रश्न घराचा आहे आणि तो चाहत्यांच्या हिशेबातून नेहमी निसटतो. वॉल्टर क्लेटन ज्युनियर न्यूयॉर्कजवळच्या आयोना या छोट्या विद्यापीठात रिक पिटिनो यांच्या हाताखाली खेळत होता. 2023 मध्ये पिटिनो सेंट जॉन्सला गेले. पिटिनो हे नाव, न्यूयॉर्कचे मैदान आणि ओळखीचा कोच असे सगळे जुळून आलेले असताना क्लेटनने फ्लोरिडा निवडले, जे त्याचे स्वतःचे राज्य. 7 एप्रिल 2025 रोजी सॅन अँटोनियोत फ्लोरिडाने ह्यूस्टनला 65-63 असे हरवून विजेतेपद मिळवले. क्लेटन आयोनाहून, अलिजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून आणि विल रिचर्ड बेलमाँटहून आलेला. तिघेही छोट्या विद्यापीठांतून वर आलेले. ‘ट्रान्स्फरवर बांधलेला संघ जिंकू शकत नाही’ असे कोणी म्हणाले तर हे एक उदाहरण पुरे आहे.

उलट टोकाच्या माणसासाठीही उदाहरण ठेवा. एप्रिल 2024 च्या अंतिम सामन्यात पर्ड्यू बहुतांशी स्वतः घडवलेल्या खेळाडूंनिशी पोहोचले होते आणि त्या रांगेत सदर्न इलिनॉय विद्यापीठातून आलेला लान्स जोन्स हा एकच महत्त्वाचा पाहुणा होता. यूकॉनने (कनेटिकट विद्यापीठाने) आम्हाला 75-60 असे हरवले. ईडीने 37 गुण काढूनही. समोरच्या संघात ईस्ट कॅरोलिनाहून आलेला ट्रिस्टन न्यूटन आणि रटगर्सहून आलेला कॅम स्पेन्सर होते. मला त्या रात्री दोन्ही बाजूंचे म्हणणे पटले होते आणि झोप मात्र लागली नव्हती.

7. पैशांविषयी बोलताना जपून

2025-26 साठी एका विद्यापीठाला सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर थेट वाटण्याची मुभा देण्यात आली. हा आकडा ऐकून चाहते लगेच बास्केटबॉल संघाला पंधराने भागू लागतात. असे करू नका. जिथे मोठा अमेरिकन फुटबॉल संघ आहे तिथे सिंहाचा वाटा त्याचा असतो. अनेक ठिकाणी पुरुष बास्केटबॉलला साधारण 15 टक्के असा ठोकताळा धरला जातो, म्हणजे तीस लाख डॉलरच्या आसपास. सेंट जॉन्स, मार्क्वेट, क्रेटन यांच्यासारख्या विद्यापीठांना अमेरिकन फुटबॉलचा संघच नाही. त्यामुळे ती जिच्यात आहेत ती बिग ईस्ट ही कॉन्फरन्स लहान दिसली तरी पोर्टलच्या बाजारात लहान नाही.

याखेरीज बाहेरच्या जाहिरातींचे एनआयएल करार असतात. 600 डॉलर किंवा त्याहून मोठा करार आता ‘एनआयएल गो’ या व्यवस्थेकडे नोंदवावा लागतो. एखाद्या खेळाडूला अमुक लाख मिळाले असे आकडे कानावर येतील. ते सांगणारा बहुधा एजंट असतो आणि करार कोणीही उघड केलेला नसतो, एवढे ध्यानात ठेवा.

आपल्यातल्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट अमेरिकी मित्रांपेक्षा लवकर समजेल. परदेशी खेळाडू आपल्यासारखेच एफ-1 व्हिसावर असतात आणि ओपीटी, सीपीटी या कामाच्या परवानग्यांच्या ज्या चौकटीत आपण तासांचे हिशेब करतो, तिचाच काच त्यांनाही असतो. अमेरिकेच्या भूमीवर जाहिरातीसाठी काम करणे त्यांना अवघड जाते. केंटकीचा काँगोहून आलेला ऑस्कर शिब्वे याने 2022 मध्ये संघ बहामात खेळायला गेला असताना तिथे जाहिरातींची कामे उरकली होती. कॅनडाचा ईडीही याच अडचणीत होता. तेव्हा युरोपातून किंवा आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूच्या बाबतीत पैशांचे सरसकट विधान करू नका.

8. स्वतः भरती करायला जाऊ नका

ही चूक उत्साहात होते. खेळाडूच्या पोस्टखाली ‘आमच्याकडे ये’ असे लिहिणे, त्याला थेट निरोप पाठवणे किंवा भेटीला आला असता हॉटेलात गाठून जेवण देऊ करणे टाळा. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला देणगी दिलेली व्यक्ती एनसीएएच्या दृष्टीने ‘बूस्टर’ ठरते आणि बूस्टरने खेळाडूची भरती करणे नियमाविरुद्ध आहे. पुष्कळ ठिकाणी चांगल्या जागेचे मोसमी तिकीट घ्यायचे तर आधी देणगी द्यावी लागते. ती दिल्याचे आपल्या लक्षातही राहत नाही, पण शिक्का कायमचा बसतो. शंका असेल तर विद्यापीठाच्या कम्प्लायन्स (नियमपालन) कार्यालयाला ईमेल करून विचारा, ते उत्तर देतात.

जाणाऱ्या खेळाडूला शिव्या घालणारे निरोपही पाठवू नका. तो वीस वर्षांचा आहे आणि ते सगळे वाचतो.

9. अभ्यासाची अट तपासा

हे थोडक्यात सांगतो. एनसीएएच्या नियमानुसार खेळाडूने दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा 40 टक्के, तिसऱ्याअखेर 60 टक्के आणि चौथ्याअखेर 80 टक्के भाग पूर्ण केलेला असावा लागतो. विद्यापीठ बदलताना सगळे क्रेडिट नव्या ठिकाणी मान्य होतातच असे नाही. ज्याने पुण्या-मुंबईची मार्कशीट अमेरिकेत मूल्यांकनाला पाठवली आहे त्याला हे दुखणे माहीत आहे. तिसऱ्या वर्षानंतर बदलू पाहणारा खेळाडू म्हणून काही कडक विद्यापीठांत जाऊच शकत नाही, मग दोन्ही बाजूंची कितीही इच्छा असो. पदवी पूर्ण करून आलेल्यांना हा प्रश्न येत नाही, त्यामुळे वयाने मोठे, पदवीधर खेळाडू बाजारात अधिक सहज फिरतात.

10. मे अखेरपर्यंत तक्ता उघडा ठेवा

काही खेळाडू एकाच वेळी पोर्टलमध्ये आणि एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) नाव ठेवतात. ड्राफ्टमधून मागे घेण्याची एनसीएएची मुदत साधारण मे महिन्याच्या अखेरीस येते. 2025 मध्ये यूएबीचा (बर्मिंगहॅममधील अलाबामा विद्यापीठाचा) याक्सेल लेंडेबोर्ग मिशिगनला होकार देऊनही ड्राफ्टची चाचपणी करत होता आणि अखेर मिशिगनलाच आला. अशा नावापुढे तक्त्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवा.

जूनमध्ये तक्त्याची एक प्रत तारीख घालून जपून ठेवा आणि नोव्हेंबरचे पहिले पाच सामने झाल्यावर प्रत्यक्ष मिनिटे शेजारच्या रकान्यात भरा. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा ज्या खेळाडूला मी 28 मिनिटे दिली होती, त्याला कोचने नऊ दिली होती.